पंप वाढवला म्हणून गाडी पळत नाही

‘पंप वाढवून घे, गाडी पळेल’ हे वाक्य आमच्या इंदापूर तालुक्यात मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. आधी ते ट्रॅक्टरबद्दल ऐकू यायचं, आता मोटारीबद्दल ऐकू येतं. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू पुण्यात नोकरीला आहे. त्याने जुनी पोलो घेतली, टर्बोवाली. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं की आधी रिमॅप करू, मग टाकीतला पेट्रोलपंप मोठा टाकू, मग बघ. खर्चाचा आकडा पोराच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. “आबा, तुम्हाला काय वाटतं?” असं त्याने विचारलं. मी बी.ए. झालेला मास्तर, इंजिनाशी माझा संबंध तो काय! पण विहिरीवरच्या मोटारींशी आयुष्यभर संबंध आला आणि त्या ज्ञानावर हा विषय बराचसा समजतो, असं माझ्या लक्षात आलं. पोराला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्यातल्या आणखी दोघातिघांकडे अशा गाड्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

मुळात ही समजूत आली कुठून? माझं मत असं की ती डिझेलमधून आली. ऊस कारखान्यावर न्यायचा तर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर. चढ आला की ट्रॅक्टर रडतो. मग पंप-नोझलवाल्याकडे जायचं, मायकोच्या पंपाचं सील तोडायचं आणि स्क्रू थोडा फिरवून डिझेल वाढवायचं. (ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते, पण आमच्याकडे तोंडात ‘मायको’च बसलेलं आहे.) आणि ट्रॅक्टर खरोखरच ओढतो! कारण डिझेल इंजिन हवा मोकळेपणाने आत घेतं, किती जोर लावायचा ते फक्त डिझेलच्या मापावर ठरतं. डिझेल जास्त, जोर जास्त. अर्थात न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, इंजिन तापतं आणि त्याचं आयुष्य घटतं. पण हंगाम निघतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

पेट्रोलचं तसं नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण जुळावं लागतं. साधारण १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल. नुसतं पेट्रोल वाढवलं तर गाडी धूर ओकते, मिसिंग करते, पळत मात्र नाही. जोर वाढवायचा तर आधी हवा वाढवायला हवी. टर्बो तेच करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना तशी नवी नाहीच.

रिमॅपवाला काय करतो, तर संगणकात बदल करून ही हवा आणखी दाबायला लावतो. आता हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. इथे पंपाचा संबंध येतो. जोर हवेतून येतो, पंपाने फक्त तिला पुरेसं पेट्रोल द्यायचं असतं. पंप कमी पडला तर ज्या क्षणी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलाय, इंजिन सगळ्यात जास्त तापलंय, नेमकं त्याच क्षणी मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाने आतली उष्णता भडकते, ठिणगी पडायच्या आधीच किंवा वेडंवाकडं पेट्रोल फुटतं, खडखड आवाज येतो आणि पिस्टनची कड वितळते. त्याला तास लागत नाही, काही सेकंद पुरतात. नव्या गाड्यांचा संगणक हे ओळखून जोर कमी करतो, पण रिमॅप करताना ती राखण सैल करून ठेवली असेल तर तोही गप्प बसतो.

थोडक्यात, ट्रॅक्टरमध्ये इंधन जास्त झालं की नुकसान आणि टर्बो पेट्रोलमध्ये कमी झालं की नुकसान. दोन्हींना एकच मंत्र लावणारा मिस्त्री भेटला की नमस्कार करून निघावं.

आता पंपाकडे येतो. आजच्या मोटारीतला पेट्रोलपंप म्हणजे चक्क एक छोटी सबमर्सिबल. टाकीच्या तळाशी पेट्रोलात बुडलेली असते आणि भोवतालच्या पेट्रोलानेच थंड राहते. वालचंद हिराचंदांनी आपल्या तालुक्यात वालचंदनगर वसवलं आणि त्यांनीच काढलेल्या प्रीमियर कंपनीने पुढे पद्मिनी मोटार बनवली. त्या पद्मिनीचा पंप इंजिनाच्या कडेला बसवलेला असायचा, आत एक पडदा वरखाली व्हायचा. उन्हाळ्यात घाट चढताना पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग ड्रायव्हर खाली उतरून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा. ते दृश्य पाहिलेली माणसं हा लेख वाचताना हसतील. पंप टाकीत गेला आणि ती कटकट संपली.

सबमर्सिबलचे सगळे गुणदोष मात्र त्याला चिकटले. आपल्याकडे मोटार विकणारा सांगतो, ‘तासाला इतके हजार लिटर’. शेतकरी लगेच विचारतो, किती फुटांवर? कारण पाणी जितकं उंच चढवायचं तितकं कमी येतं. पेट्रोलपंपाचंही अगदी तसंच. बाजारात ताशी २५५ लिटरचा म्हणून प्रसिद्ध पंप मिळतो. तो आकडा ठराविक दाबाला आणि ठराविक व्होल्टेजला आहे. इंजेक्टर ज्या नळीत पेट्रोल फवारतो तिथे टर्बोने हवा दाबून ठेवलेली असते. समजा साध्या इंजिनात ३ बार दाबाने फवारा उडतो. टर्बोने १ बार हवा दाबली तर तेवढाच फवारा उडवायला पंपाला ४ बार दाब लावावा लागतो. म्हणजे पेट्रोलची गरज जेव्हा सर्वात जास्त, तेव्हाच टाकी आणखी उंच माळ्यावर नेऊन ठेवल्यासारखं!

दुसरं व्होल्टेज. रात्रपाळीच्या लाइटीत व्होल्टेज पडलं की मोटार गुरगुरते आणि पाइपातून धार बारीक होते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट असतात, पण मागच्या सीटखाली पंपापर्यंत जाणारी वायर बारीक, जोड जुने. तिथे अकरा-बाराच पोचले तर पंप चांगला असूनही कमी देतो. अशा गाडीत मोठा पंप टाकला तर तो आणखी करंट ओढतो आणि व्होल्टेज आणखी पडतं. खरा उपाय एक जाड वायर, एक रिले, एक फ्यूज. काही शे रुपयांचं काम. पण काही शे रुपयांच्या कामात गॅरेजवाल्याला काय सुटणार?

जरा गणित करू. जुनी सवय. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीला तासाला ढोबळमानाने पाव किलो पेट्रोल लागतं. पोलोचं १.० टीएसआय इंजिन ११० अश्वशक्तीचं. म्हणजे साडेसत्तावीस किलो, लिटरमध्ये सुमारे ३७. रिमॅपने समजा ती १५० अश्वशक्तीला नेली, तर ५० लिटर. आता २५५ लिटरचा पंप कशाला? दाबाची आणि व्होल्टेजची घट धरली तरी तो कितीतरी जास्त. जास्तीचं पेट्रोल टाकीतल्या टाकीत घुसळत आणि तापत राहणार, दाब सांभाळणारा रेग्युलेटर तेवढं सोडू शकला नाही तर साध्या चालीतही दाब चढणार. तीन एकराला पंधराची मोटार!

शिवाय या गाडीत एक गोम आहे, जी त्या गॅरेजवाल्याने पोराला सांगितलीच नाही. टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात आणि त्यासाठी दोन पंप असतात. टाकीतला पहिला काही बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. इंजिनावर बसलेला दुसरा, कॅमवर चालणारा, तो दाब शंभर-दोनशे बारपर्यंत नेतो. कमी पडत असेल तो दुसरा, आणि तुम्ही बदलणार पहिला, तर काय उपयोग? विहिरीतली मोटार बदलून डोंगरावरच्या बूस्टरचं पाणी वाढत नाही.

यात आपल्या उसाचाही हात आहे. २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये ते प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. आमच्या भागातल्या कारखान्यांना आणि ऊसवाल्यांना त्याचा आधार झाला, हे मी नाकारणार नाही. माझ्याच गावचं हित त्यात आहे. पण इथेनॉलला हवा कमी लागते, १ किलोला ९ किलोच. म्हणून तेवढ्याच हवेला २० टक्क्यांचं मिश्रण शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. वरच्या ५० लिटरचे ५४ होतात. ज्या गाडीचा पंप आधीच काठावर आहे तिला हे ४ लिटर भारी पडू शकतात. उलट बाजूही सांगायला हवी. इथेनॉल आत थंडावा देतं आणि खडखडीला विरोध करतं, म्हणून टर्बोला ते मानवतं सुद्धा. पण जुने रबरी पाइप आणि सील त्याने खराब होऊ शकतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत त्याला टिकणारं सामान आलं. पोलो तर आपल्याकडे २०२२ मध्येच बंद झाली. तेव्हा पंपावर पैसे घालण्याआधी पाइप बघा. टाकीचं झाकण नीट न बसवल्यामुळे सीटखाली पेट्रोल झिरपणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मग पंप बदलूच नये का? बदलावा की! जुना झाला असेल, दाब धरत नसेल, किंवा टर्बोच मोठा बसवला असेल तर बदलायलाच हवा, आणि तोही हवा वाढवण्याच्या आधी. माझा राग मोजमाप न करता बदलण्यावर आहे. संगणकाला तार लावून पेट्रोलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी बघता येतो. वरच्या आर.पी.एम.ला दुसरा आकडा पहिल्यापासून घसरू लागला तर पुरवठा कमी. नाही घसरला तर पैसे खिशात ठेवा. ही चाचणी डायनोच्या रोलरवर करावी. पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणच्या पुढे रात्री करू नये! हंगामात तिथे उसाचे ट्रेलर चालतात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल आणि पाचट. असा ट्रेलर अंधारात समोर आला तर तुमचे वाढलेले चाळीस घोडे काही कामाचे नाहीत, तिथे ब्रेक आणि टायर लागतात. गेल्या काही वर्षांत अशा मागून धडकलेल्या गाड्या या भागात सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हे लिहिताना मला पंप-बिंप काही सुचत नाही, फक्त तो पोरगा शनिवारी रात्री गावाकडे निघतो एवढंच आठवतं.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीतली माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता इंजिनाचा जोर वाढवला आणि पुढे काही झालं, तर दावा अडतो. गॅरेजवाला तेव्हा फोन उचलत नाही.

पोराने परवा दाब मोजून घेतला. टाकीतल्या पंपाचा आकडा शेवटपर्यंत जागचा हलला नाही. पंपाचा बेत सध्या रद्द, रिमॅपचा अजून डोक्यात आहे. त्यावर आमचं फोनवर भांडण चालू आहे. नाशिकच्या आणि सांगलीच्या भाच्यांनी आपापली मतं कळवावीत. तोवर टर्बोवाल्या सगळ्यांनी टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. विहिरीचा तळ दिसायला लागला की आपण सबमर्सिबल बंद करतो, मग गाडीतली काय वेगळी?