दातांच्या तारांचे घर्षण आणि ‘लवकर सुटका’

बाळापूरहून अकोला पंचवीसेक किलोमीटर. मुलाच्या दातांना तारा बसवल्या की दर महिना-दीड महिन्याने ही वारी ठरलेली. शाळा बुडते, आई किंवा वडिलांचा रोज बुडतो आणि हे दीड-दोन वर्षे चालते. अशा घराला कुणी सांगितले, ‘थोडे जास्त पैसे भरा, कमी घर्षणाचे ब्रॅकेट लावू, लवकर सुटका होईल,’ तर मोह होणारच. पण हे ‘लवकर’ पुराव्यावर टिकत नाही.

घर्षणाचा मुद्दा खोटा नाही. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला बारीक खाच असते. तिच्यात तार बसते आणि ती निसटू नये म्हणून रबरी कडीने आवळतात. दात तारेवरून सरकताना ही पकड त्याला अडवते. लावलेल्या जोराचा बराच भाग असा वाया जातो. स्टीलची तार त्यातल्या त्यात सहज सरकते, बीटा-टायटॅनियमची जास्त अडते. दिसायला पांढऱ्या सिरॅमिक ब्रॅकेटमध्ये स्टीलच्या ब्रॅकेटपेक्षा घर्षण साधारणपणे अधिक असते.

यावर उपाय म्हणून रबराऐवजी छोटे झाकण असलेले ‘सेल्फ-लायगेटिंग’ ब्रॅकेट आले. कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या जेकब स्टोल्झेनबर्ग यांनी १९३० च्या दशकातच तसा ब्रॅकेट केला होता. प्रयोगशाळेत गोल, बारीक तार अशा ब्रॅकेटमधून खरोखर सहज सरकते. जाहिरात इथेच थांबते.

तोंडातली गोष्ट वेगळी आहे. कपाटाचा खण एका कोपऱ्याला धरून तिरका ओढला की अडतो. तिथे तेल घालून फारसा उपयोग होत नाही. दातही सरळ सरकत नाही. आधी थोडा कलतो, खाचेच्या कडा तारेत रुततात आणि तो थांबतो. मग तार त्याला उभा करते आणि तो पुन्हा सरकतो. हे रुतणे झाकणाने टळत नाही.

दुसरी मर्यादा हाडाची. दाबाच्या बाजूचे हाड पेशींनी झिजवायचे, ताणाच्या बाजूला नवे भरायचे, तेव्हा दात पुढे जातो. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. ब्रॅकेट कितीही गुळगुळीत असला तरी हाड घाई करत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पद्धतशीर आढाव्यांनी दोन्ही प्रकारच्या ब्रॅकेटची तुलना केली. उपचाराच्या एकूण काळात ठोस फरक आढळला नाही. प्रत्येक भेटीत तार बदलताना थोडी मिनिटे मात्र वाचतात. ती खुर्चीतली मिनिटे आहेत, वाऱ्यांचे महिने नव्हेत.

म्हणजे असे ब्रॅकेट वाईट, असे नाही. डॉक्टरांना ते सोयीचे वाटत असतील, घराला परवडत असतील, तर जरूर लावावेत. पण वेळ वाचेल या आश्वासनावर कर्ज काढू नये. पालकांनी सरळ विचारावे: यामुळे माझ्या मुलाचे नेमके किती महिने वाचतील, आणि ते कशावरून? शिकवणाऱ्या दंत महाविद्यालयाचा सल्लाही घेता येतो. अमरावती आणि नागपूरला अशी महाविद्यालये आहेत.

वेळ खरोखर वाचवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. ठरलेली तारीख चुकवू नये. कडक चणे, फुटाणे, सुपारी आणि दाताने सोललेला ऊस बंद, कारण निखळलेला ब्रॅकेट पुन्हा बसवेपर्यंत त्या दाताचे काम थांबते. आणि ब्रश नीट करावा. तारेवर साचलेला थर तिला खरखरीत करतो आणि घर्षण वाढवतो. हे घर्षण कमी करायला जास्तीचे पैसे लागत नाहीत. जेवणानंतरची पाच मिनिटे पुरतात.