लाकडासारखं दिसतं, पण लाकूड नव्हे

हल्ली वर्ध्यात कुणाच्या वास्तुशांतीला जा, नाहीतर जुन्या घराची डागडुजी पाहायला जा, हॉलमध्ये पाऊल टाकलं की नजर आधी खाली जाते. अगं बाई, सागवानाच्या फळ्या! हात लावून बघितलं की कळतं, हे विनाइल आहे. म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. खऱ्या सागवानाचा भाव आपल्याला परवडत नाही, आणि ही फरशी जुन्या टाइल्स न फोडता एक-दोन दिवसांत बसते. माझी तक्रार वेगळीच आहे. भिशीचे, आर.डी.चे पैसे मोडून बायका ही फरशी घेतात आणि विकणारा मात्र 'पाण्याला घाबरत नाही, मेंटेनन्स शून्य' एवढंच सांगून मोकळा होतो.

मैत्रिणींनो, प्रत्येक जमिनीची आपली एक रीत असते. गांधीजी १९३६ मध्ये इथल्या शेगावात राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम. तिथली बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची. मातीची जमीन राखायची तर सारवण आलं, पोपडे निघाले की लिंपण आलं. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. शहाबादी फरशी आली, तिला पाणी ओतून खराट्याने घासायचं हे सासूकडून सुनेला कळलं. मोझॅकचंही तसंच. विनाइलच्या बाबतीत मात्र सांगणारी सासूच नाही! मग आपण शहाबादीची रीत तिला लावतो, आणि दोन वर्षांत फळ्यांच्या कडा उचलायला लागतात.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. खाली पी.व्ही.सी.चा थर, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि चित्रावर एक पारदर्शक कवच. हे कवच मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही कमी जाडीचं असतं बहुतेक. खरं लाकूड खरवडलं तर रंधा मारून पुन्हा पॉलिश करता येतं. इथे कवच गेलं की चित्र गेलं, पॉलिशवाला काही करू शकत नाही. तेव्हा घेतानाच दुकानदाराला कवचाची जाडी विचारा. घरासाठी ०.३ मि.मी. तरी हवी. नुसती फळी जाड असून उपयोग नाही.

आता पाण्याचं. फळीला पाणी लागत नाही हे खरं, पण सांध्यांतून ते खाली शिरतं आणि तिथेच बसतं. गोंद सुटतो, कुबट वास येतो, बुरशी धरते. म्हणून बादली ओतणं बंद. पोछा घट्ट पिळून घ्यायचा, पाण्यात साधा सौम्य साबण थोडासा. ॲसिड नको, कडक फिनाइल नको, तारेची घासणी तर अजिबात नको. (आणि ॲसिड व ब्लीच तर कोणत्याच फरशीवर एकत्र टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो.) उन्हाळ्यात कुलर गळतो, त्याच्याखाली ट्रे ठेवा. पावसाळ्यात ज्या घरात जमिनीतून ओल वर येते, तिथे ओलीचा बंदोबस्त झाल्याशिवाय विनाइल टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरून झाकल्याने ओल जात नाही.

पाण्याइतकीच वैरीण धूळ. आपल्याकडची काळी माती वाळली की तिच्यातले कण चपलांबरोबर घरभर फिरतात आणि कवचावर बारीक ओरखडे पाडतात. दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक, आणि पोछ्याआधी मऊ झाडू. रांगोळी तर दगडाचीच भुकटी! महालक्ष्म्यांची पावलं विनाइलवर काढायची तर तांदळाच्या पिठाची काढा. समई, निरांजन, उदबत्ती पितळी ताटात ठेवा. निखाऱ्याचा ठिपका पडला की तो जन्माचा. गरम कढई किंवा इस्त्री खाली टेकवण्याचंही तेच.

एक गोष्ट फार जणींना ठाऊक नसते. रबराचा तळ असलेलं पायपुसणं या फरशीवर महिनोन्‌महिने पडून राहिलं, की रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो कशानेही निघत नाही. सुती गोधडीचं पायपुसणं बरं. हळद सांडली तर लगेच पुसा. डाग राहिलाच तर खाण्याच्या सोड्यात पाणी कालवून हलक्या हाताने चोळा. नेलपॉलिश सांडली म्हणून त्याचं रिमूव्हर ओतलंत, तर मात्र वरचा थरच विरघळेल.

आणि आपलं ऊन! नवतपात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की खिडकीतून येणाऱ्या उन्हाने विनाइल फुगतं, रंग उडतो. बसवताना भिंतीला लागून थोडी फट सोडायला सांगा आणि दुपारी पडदे ओढा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, घरच्या बाईला आणखी एक काम लागलं. मला ते मान्य नाही. कुलर नि कपाट फरफटत नेणारे हात बहुधा तिचे नसतात, बाहेरच्या चपलांसकट आत येणारे पायही तिचे नसतात. खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे तुकडे चिकटवणं हे मुलांचं रविवारचं काम होऊ शकतं. आणि कामवाल्या ताईंना आधी नीट समजावून सांगा. जन्मभर फिनाइल टाकूनच पुसायची सवय त्यांना आपणच लावली, आता डाग पडला म्हणून त्यांचे पैसे कापणं हा अन्याय आहे.

बसवून झाल्यावर चार-पाच फळ्या उरतात, कारागीर त्या घेऊन जातो. त्या मागून घ्या. पुढे एखादी फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते, आणि नंतर तोच रंग, तेच चित्र बाजारात मिळेल याचा नेम नसतो. त्या पलंगाखाली आडव्या ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर उन्हाळ्यात वाकतील.