विश्लेषण : रात्री काढलेला वालधुनीचा फोटो पुरावा ठरतो का?

नाल्याचे पाणी रंगीत झाले, फेस आला, टँकर उभा दिसला की उल्हासनगर कॅम्प ५ मधले रहिवासी आधी मोबाइल बाहेर काढतात. पण असे प्रकार बहुधा अंधारात घडतात. मग त्या फोटोचा तक्रारीसाठी कितपत उपयोग होतो?

अंधाराचा मुद्दा का महत्त्वाचा?

काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे टँकरमधून तिच्यात रसायन सोडले गेले आणि वायूमुळे शेकडो रहिवाशांना त्रास झाला. जीन्स धुलाई कारखान्यांवर २०१८ मध्ये कारवाई झाली, तीही याच नदीच्या प्रदूषणावरून.

नाइट मोड काय करतो?

२०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेलमध्ये आणि २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये ही सोय आली. यात फोन एकच फोटो न काढता अनेक फ्रेम टिपतो आणि त्या जुळवून एक उजळ चित्र तयार करतो. रंगही सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे पिवळ्या दिव्याखालचे पाणी प्रत्यक्षापेक्षा वेगळ्या रंगाचे दिसू शकते. वाहते पाणी दुधासारखे गुळगुळीत दिसते, तर चालत्या टँकरचा नंबर पुसट होतो.

मग काय करावे?

शक्य असेल तर तिन्हीसांजेला फोटो काढा. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वापरण्याजोगा उजेड जेमतेम २२ ते २५ मिनिटे टिकतो. अंधार पडल्यावर व्हिडिओ अधिक उपयोगी. सेकंदाला ३० चित्रे घेताना प्रत्येक चित्राला फार तर सेकंदाचा तिसावा भाग मिळतो, त्यामुळे हालचाल कमी पुसट होते. पूल, दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. फोन कठड्यावर टेकवा. वास उग्र असेल तर मात्र फोटोचा नाद सोडून लांब जा आणि ११२ वर फोन करा.

व्हॉट्सॲपवर पाठवला तर?

नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळ व ठिकाणाची माहिती निघून जाते. म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. फिल्टर लावू नका, कापाकापी करू नका. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली आहे ना, हेही पाहा.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचे 'हॅश' मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. मूळ फाइल जपायची ती यासाठीच.

फोटो पुरेसा आहे का?

नाही. पाण्यात काय मिसळले होते, हे फोटोवरून सिद्ध होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार मंडळाचे अधिकारी रीतसर नमुना घेतात आणि त्याच्या तपासणीला वजन असते. पण पाणी वाहून गेले की नमुना हाती लागत नाही. कुठे आणि किती वाजता धावायचे, हे तुमचा फोटो सांगतो. म्हणून तो ग्रुपवर टाकण्याआधी मंडळाकडे गेला पाहिजे.