हातात कॅमेरा, खांद्यावर रायफल

ऑफिसात ‘फील्ड व्हिजिट’ म्हटलं की आपल्यातले निम्मे तोंड वाकडं करतात. तर मंडळी, या आठवड्यात अशांबद्दल, ज्यांचं फील्ड म्हणजे खरोखरचं रणांगण. लष्करी फोटोग्राफर! पेपरवाले नव्हेत हं. पगार लष्कराचा, अंगावर युनिफॉर्म, हातात कॅमेरा आणि वेळ आलीच तर बंदूकही.

विषय सुचला यवतमाळ जिल्ह्यात. दारव्ह्याकडचा एक मित्र युनोच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला जाऊन आलाय. टीव्हीशेजारी त्याचा फोटो. निळी टोपी, पायाखाली भेगाळलेली काळी माती, थेट आपल्या कपाशीच्या वावरासारखी. ‘काढला कोणी?’ विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘असन त्यायचाच कोनी!’

या ‘त्यायचाच कोनी’ची गोष्ट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटिश लष्कराने स्वतःचं फिल्म आणि फोटो युनिट काढलं. सैनिकांनाच लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत ट्रेनिंग दिलं. इटलीत लढणाऱ्या भारतीय जवानांचे कितीतरी फोटो या सार्जंट मंडळींचे. नुसतं क्लिक करून भागायचं नाही. तारीख, ठिकाण, पलटण, सगळं लिहून पाठवायचं. म्हणूनच लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आज त्या फोटोंना अर्थ आहे. आपल्याकडेही १९०९ मध्ये ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं ‘सैनिक समाचार’ मराठीसह तेरा भाषांत निघत आलंय.

‘पण हा तर लष्कराचा पीआर!’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. फोटो वरिष्ठांच्या नजरेखालून जातो, गैरसोयीचा असेल तर अडतो. म्हणून युनिफॉर्म नसलेलेही हवेतच. आपला दानिश सिद्दिकी रॉयटर्ससाठी अफगाण कमांडोंसोबत गेला आणि १६ जुलै २०२१ रोजी स्पिन बोल्दाकमध्ये मारला गेला.

पण गोळी आणि स्फोट युनिफॉर्म पाहून सवलत देत नाहीत. हिल्डा क्लेटन, अमेरिकन लष्करातली फोटोग्राफर, वय २२. २ जुलै २०१३ला अफगाणिस्तानात लघमान प्रांतात ती अफगाण सैनिकांच्या सरावाचे फोटो काढत होती. उखळी तोफेची नळीच फुटली. ती आणि चार अफगाण सैनिक गेले. त्यातल्या एकाला ती फोटोग्राफी शिकवत होती. दोघांच्याही कॅमेऱ्यांत तो स्फोट टिपला गेला. २०१७ मध्ये अमेरिकन लष्कराच्याच नियतकालिकाने ते फोटो छापले, तिच्या घरच्यांच्या संमतीने.

हा काही पीआर नव्हता. सरावातली चूक जीव घेते, हे लष्कराने स्वतःच्याच कॅमेऱ्यातून दाखवलं. असे फोटो बाहेर येतात तेव्हाच या नोकरीचं मोल कळतं. तेव्हा पुढच्या वेळी युद्धाचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी दोन सेकंद थांबा. खाली बारीक अक्षरात नाव असतं. आणि नसेल, तर का नाही, हे तरी विचारा.