स्वीकार कोणाचा?

मे २०२१मध्ये यूजीसीने मिश्र शिक्षणाचा मसुदा आणला: विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात. विद्यार्थ्यांनी हे स्वीकारलंय, असं सर्व्हे सांगतात. पण ते बहुधा ऑनलाइन फॉर्मवरच होतात. ज्याचा डेटा संपलाय तो मोजलाच जात नाही. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता.

रेकॉर्ड केलेलं लेक्चर मलाही हवंय, कामावरून आल्यावर ऐकता येतं. पण घरातला पहिला पदवीधर म्हणून सांगतो, लायब्ररी, हॉस्टेल, स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देणारा सीनियर स्क्रीनवर भेटत नाही. ज्या जातींना पिढ्यान्‌पिढ्या वर्गाबाहेर ठेवलं, त्यांना पुन्हा घरी बसवू नका. आधी स्कॉलरशिपमध्ये लॅपटॉप आणि डेटा द्या, हॉस्टेलच्या जागा वाढवा. मग आमची संमती विचारा.