गुरुजींचे बोट

वाचकहो, बर्फाशी आपला संबंध उसाच्या रसापुरता. त्यावरून दहा हजार मीटर घसरत जायचे आणि त्याबद्दल ऑलिंपिकचे सुवर्णपदक घ्यायचे, हे ऐकून आमची ही म्हणाली, "घसरण्याचे कसले कौतुक? आपल्या न्हाणीघरात रोज कोणी ना कोणी घसरतेच!" तरीही यंदाच्या फराळाबरोबर मी हीच हकिगत वाढणार आहे.

खेळ असा. चारशे मीटरची लंबगोल वाट, तिच्या पंचवीस फेऱ्या. एका वेळी दोनच गडी, एक आतल्या पट्ट्यात, एक बाहेरच्या. आतले वळण आखूड. म्हणून कोणावर अन्याय नको यासाठी दर फेरीत एकदा दोघांनी पट्टे बदलायचे. आतल्याने बाहेर जायचे, बाहेरच्याने आत यायचे. नियम पोरासोरांनाही कळेल असा. पण तेरा मिनिटे कमरेत वाकून, मांड्यांत निखारे पेटलेले असताना, हा हिशेब ठेवून पाहा! म्हणून कडेला गुरुजी उभे असतात. हातात पाटी, पाटीवर फेरीची वेळ.

२३ फेब्रुवारी २०१०. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे हिवाळी ऑलिंपिक. हॉलंडचा स्वेन क्रामर शेवटच्या जोडीत, रशियाच्या इव्हान स्कोब्रेव्हबरोबर उतरला. हॉलंडात कालवे गोठले की घरेच्या घरे पायांना स्केट बांधून बाहेर पडतात. तिथल्या लोकांचा हा लाडका गडी. दहाच दिवसांपूर्वी त्याने पाच हजार मीटरचे सोने जिंकले होते. आता गाठायची होती ती कोरियाच्या ली सुंग-हूनची १२ मिनिटे ५८.५५ सेकंदांची वेळ. हा ली मुळातला छोट्या वर्तुळाच्या शर्यतीतला. तिथे संघात निवड झाली नाही, म्हणून इकडे आला. त्याला वर्षही झाले नव्हते.

क्रामर पुढे होता, चांगलाच पुढे. आठ फेऱ्या उरल्या. पट्टा बदलायची जागा आली आणि तो बाहेरच्या पट्ट्याकडे वळू लागला. बरोबरच होते ते. तेवढ्यात त्याचे गुरू, जेरार्ड केमकर्स, यांनी आत बोट दाखवले. हे गृहस्थ काही नवशिके नव्हते. १९८८ साली कॅलगरीला पाच हजार मीटरमध्ये स्वतः कांस्यपदक मिळवलेले. क्रामरने ऐनवेळी पाय फिरवला आणि तो आत शिरला.

मला राहून राहून आठवतात त्या पुढच्या आठ फेऱ्या. कडेला उभ्या जाणत्यांना कळून चुकले होते, आणि हा बिचारा जीव तोडून पळतो आहे! १२ मिनिटे ५४.५० सेकंद. लीपेक्षा चार सेकंदांनी सरस. त्याने हात उंचावले. मग केमकर्सनी जवळ जाऊन सांगितले. क्रामरने डोळ्यांवरचा चष्मा काढून भिरकावला. शर्यतीतून बाद!

त्याने ऐकलेच का, असे पुष्कळांनी विचारले. मला हा प्रश्नच पटत नाही. ज्या माणसाचे वर्षानुवर्षे ऐकून आपण जिंकत आलो, त्याचे बोट दिसले की पाय आपोआप वळतात. तिथे विचार करायला थांबणारा गडी दहा हजार मीटरला उतरणारच नाही.

सोने लीला मिळाले. मंचावर स्कोब्रेव्ह आणि हॉलंडचाच बॉब दे याँग या दोघांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. हे मला फार आवडले. त्या पोराने कोणाचे काही चोरले नव्हते.

आणि गुरुशिष्य? त्या दिवशी क्रामरने दोष उघडपणे गुरूला दिला. आता याची हकालपट्टी होणार, असे वाटले असेल अनेकांना. पण त्याने केमकर्सना सोडले नाही. चार वर्षांनी, २०१४ साली, रशियातल्या सोचीला हीच जोडी पुन्हा उतरली. तिथे योरित बेर्ग्समा पहिला आला, क्रामर दुसरा. २०१८ साली कोरियात तो सहावा आला. पाच हजारांचे सोने त्याने ओळीने तीनदा नेले; दहा हजारांचे कधीच नाही. २०२२ साली त्याने शर्यती सोडल्या.