कारखाना कुणाच्या हाती?

१९३३ च्या ‘फिमेल’ या हॉलिवूडच्या विनोदी प्रेमपटात रूथ चॅटरटन मोटार कारखाना चालवते. हाताखालच्या देखण्या पुरुषांना ती कामाच्या निमित्तानं घरी जेवायला बोलावते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ओळखही दाखवत नाही. कुणी फारच गळ्यात पडला, तर थेट बदली! साहेबलोकांची ही जुनी रीत बाईच्या हाती आलेली बघताना मजा येते. पुढे एका इंजिनिअरवर तिचा जीव जडतो आणि अख्खा कारखाना ती त्याच्या स्वाधीन करायला निघते. हा शेवट मला मुळीच पटत नाही. याउलट, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, अभिनेत्री स्मिता पाटील ‘उंबरठा’ या सिनेमात (१९८२) महिला सुधारगृहाची अधीक्षक होते, घरी परतल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे कळतं, तेव्हा ती घर सोडते. शिरपूरच्या पोरींनो, दोन्ही सिनेमे लागोपाठ बघाच.